आरतीला त्याच घरी जायचंय

आमच्या गावचा व्हॉट्सॲप ग्रुप मे २०२० मध्ये निघाला. मुंबईहून चाकरमानी परत येत होते, त्यांना शाळेत ठेवायचं होतं. कुणाचे चौदा दिवस कधी भरतात, आज डबे कुठल्या वाडीतून जाणार, हे कळवायला एक जागा हवी होती. सिंधुदुर्गातलं सात वाड्यांचं आमचं गाव. गावात राहतात तेवढीच माणसं डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला आहेत. त्या महिन्यात ही दोन्ही गावं पहिल्यांदा एका ग्रुपमध्ये आली आणि पहिल्यांदाच एकमेकांना लागेल असं बोलली. "तुम्ही आजार घेऊन येताय" असं इकडून, "घर आमच्या आज्याने बांधलंय" असं तिकडून. विलगीकरण संपलं, शाळा उघडल्या. ग्रुप मात्र राहिला आणि ती बोलणीही राहिली.

मी या गावची सून. माहेर राजापूरकडचं. तिठ्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, असं काहीही असलं तरी माणूस माझ्याकडे येतो. ग्रुपमध्ये मी होते, पण तीन वर्षांत चार ओळीसुद्धा लिहिल्या नव्हत्या. वाचायची आणि फोन पालथा ठेवून द्यायची.

डिसेंबर २०२२ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. सरपंच थेट जनतेतून, त्यामुळे चुरस फार. दोन पॅनेलं होती. सरपंच एका पॅनेलचा निवडून आला आणि सदस्य जास्त दुसऱ्याचे. ज्यांनी ही परिस्थिती जवळून पाहिली असेल त्यांना पुढचं सांगायला नको. गटाराचं एक झाकण बसवायचं तरी दोन्हीकडून ताणाताणी. ग्रुपचे तिन्ही ॲडमिन एकाच पॅनेलचे. विरोधातलं कुणी काही लिहिलं की मेसेज उडायचा, मग माणूस उडायचा. शेवटी 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असं करून टाकलं, तेव्हा दुसऱ्यांनी आपला वेगळा ग्रुप काढला. दोन ग्रुप झाले आणि गावात एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाऊ लागली. माझ्या दुकानात स्क्रीनशॉट काढून घ्यायला लोक येत. या ग्रुपचं त्या ग्रुपला दाखवायला. ते कागद माझ्याच मशिनमधून निघत होते, याचा मला त्रास व्हायचा.

एप्रिल २०२३ मध्ये पाण्यावरून भडका उडाला. जलजीवन मिशनची नळयोजना झाली होती, माणशी दिवसाला ५५ लिटर असं फलकावर लिहिलं होतं, आणि वरच्या वाडीत पाणी चढत नव्हतं. विरारहून एकाने रात्री पावणेबाराला लिहिलं की पाइपात पैसे खाल्लेत, आणि नाव घेऊन लिहिलं. इकडून एका पोराने उत्तरादाखल शिव्यांचा ऑडिओ टाकला. तो दोन तासांत बाजूच्या तीन गावांत फिरला. दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची माणसं पोलीस ठाण्याच्या पायरीवर होती.

तक्रार नोंदवायच्या आधी तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांनी सगळ्यांना देवळात बसवलं. ऐंशीच्या घरातले आहेत ते, सगळे त्यांना आबा म्हणतात. तिथे ठरलं की दोन्ही ग्रुप बंद करायचे आणि एकच चालू ठेवायचा. ॲडमिन कोण यावर पुन्हा वाद. तेव्हा आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाय, तुझ्याकडे दोनय बाजूची माणसां येतत. तूच सांभाळ ह्या."

घरी आल्यावर आमचे हे काळजीत पडले. कुणी काही भलतंसलतं टाकलं तर ॲडमिनला आत घेतात, असं त्यांनी ऐकलं होतं. गावात बहुतेकांची हीच समजूत आहे. म्हणून मी त्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल वाचून दाखवला. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण होतं ते. आधीपासून संगनमत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलंय. हे वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला, कारण मला भीती कोर्टाची नव्हतीच. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर समोर उभ्या राहणाऱ्या माणसाची होती.

मी दोन अटी घातल्या. दोन्ही पॅनेलचे दोन-दोन ॲडमिन माझ्याबरोबर हवेत, आणि कुणालाही काढायचं तर पाचही जणांना विचारून. मग नियम लिहायला बसले. पहिला कागद दोन पानी झाला होता, तो फाडला. एवढं कोण वाचणार? शेवटी ग्रुपच्या माहितीत वरती एकच वाक्य टाकलं: 'गणपतीत आरतीला ज्याच्या घरी जायचंय, त्यालाच आपण लिहितोय.' आमच्याकडे वाडीच्या वाडी घराघरांतून फिरते, भांडण असलं तरी आरती चुकत नाही. हे वाक्य वाचून काही न बोलता आपला मेसेज मागे घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

बाकीचे नियम अनुभवातून आले. रात्री नऊ ते सकाळी सात ग्रुप बंद. हा सगळ्यात उपयोगी पडला. विरारचा मेसेज पावणेबाराचा होता, आणि आमच्याकडची बहुतेक वाईट भाषा रात्री दहानंतरचीच होती. दुसरं, फॉरवर्ड केलेलं काही टाकायचं नाही, सुप्रभाताची फुलंसुद्धा नाहीत. यावर म्हातारी माणसं रुसली, त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप करून दिला. तिसरं, आरोप करायचा तर माणसाचं नाही, कामाचं नाव घ्यायचं. कुठलं काम, कुठल्या वाडीत, कधीचं, आणि जमलं तर फोटो. मग सरपंचांना किंवा ज्या सदस्याचं काम असेल त्याला उत्तर द्यायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत त्या विषयावर दुसऱ्या कुणी लिहायचं नाही. सुरुवातीला लोकांना हे गळ्याला फास लावल्यासारखं वाटलं. पण पूर्वी सरपंच उत्तर देत नसत त्याचं कारण मला नंतर कळलं. ते शेतातून येऊन फोन बघेपर्यंत पन्नास जणांनी पन्नास उत्तरं दिलेली असत, आणि त्यात त्यांच्या बायकोपर्यंत विषय गेलेला असे.

आणि एक नियम मी फक्त स्वतःसाठी ठेवला. मेसेज काढायचा तर आधी त्या माणसाला फोन करायचा.

पहिला फोन विरारलाच केला. ते माझे चुलत दीर लागतात. "वहिनी, मी खोटं लिहिलं काय?" असं त्यांनी पहिल्याच वाक्याला विचारलं. मी म्हटलं, "भावजी, खोटं की खरं ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे का? किती पाइप, किती रुपयांचा, कुठून कुठे?" थोडा वेळ पलीकडे लोकलचा आवाज फक्त. मग म्हणाले, "सगळेच बोलतायत." मी सांगितलं की कागद काढू. तुम्ही अर्ज लिहा, मी इथून टाकते.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. त्यांनी लिहिलेला पहिला मसुदा चारशे शब्दांचा होता आणि त्यातले तीनशे रागाचे होते. फोनवरून आम्ही दोघांनी तो कापला. कापता कापता त्यांचा सूर बदलत गेला, हे मला ऐकू येत होतं. शेवटी प्रश्न तीन उरले: मंजूर अंदाजपत्रकाची प्रत, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेची प्रत, आणि कुठल्या वाहिनीवर किती नळजोडण्या धरल्या होत्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि पाठवला. तीस दिवसांची मुदत, अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं: ४६ पानं, पानाला दोन रुपयांप्रमाणे ९२ रुपये भरा.

दरम्यान मी ग्रुपवर ई-ग्रामस्वराज पोर्टल कसं उघडायचं ते दाखवलं. आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्चाच्या नोंदी तिथे कुणालाही बघता येतात, पासवर्ड लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतला साठ टक्के भाग तेव्हा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, उरलेल्यातून बाकीची कामं. हे एवढं कळल्यावर 'वित्त आयोगातून देवळासमोर मंडप का नाही' हा वर्षानुवर्षांचा वाद एका संध्याकाळी मिटला. कुणी जिंकलं-हरलं नाही. विषयच संपला. मला तेव्हा लक्षात आलं की आमच्या गावात माणसं वाईट आहेत म्हणून भांडणं होत नव्हती. हातात काहीच नसलं की माणूस समोरच्याचा हेतू काढतो.

पण ग्रुपमध्ये एक मोठी खोट होती आणि ती मला स्वतः बाई असून उशिरा दिसली. सदस्यांची यादी एकदा नीट वाचली तर तीनशे चाळीस नंबरांत बायकांचे सव्वीस. पाणी भरतात बायका आणि पाण्यावर भांडतात पुरुष, निम्मे तर विरार-डोंबिवलीतून. मी बचत गटाच्या बैठकीत विषय काढला. तिथे कळलं की बहुतेक घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, आणि लिहिणं नको वाटतं. म्हणून ठरवलं की त्यांनी बोलून पाठवायचं, कुणाच्याही फोनवरून. ग्रुपवर ऑडिओ बंद होते, त्या शिव्यांमुळे. ते या कामासाठी उघडले.

पहिला आवाज वरच्या वाडीतल्या एका काकींचा आला. चाळीस सेकंदांचा. मागे कोंबड्या, कुणीतरी चूल फुंकतंय, आणि मध्येच पितळेच्या भांड्यावर धार पडल्याचा आवाज. "आयकतास मा? ह्यो हंडो. आता भरलो. कळशी लावूक गेलंय काय पाणी बंद." मग खरोखरच धार बारीक होत होत थांबल्याचं ऐकू येतं. त्यानंतर त्या म्हणतात, "तुमी मुंबयत बसान भांडतास, आमी हंय थेंब मोजतंव." बस्स, एवढंच. त्या दिवशी ग्रुपवर दुसरा एकही मेसेज आला नाही. संध्याकाळी दोन्ही पॅनेलचे एक-एक सदस्य न बोलावता वरच्या वाडीत गेले.

४६ पानं जूनमध्ये हातात आली. मी सगळ्याचे फोटो ग्रुपवर टाकले आणि लिहिलं की दोन दिवस फक्त वाचा. मोजमाप पुस्तिकेत पाइपाची लांबी जमिनीवर होती तेवढीच होती. ती आमच्या पोरांनी टेप धरून मोजली. पैसे खाल्ल्याचं काही निघालं नाही. निघालं ते वेगळंच. वरच्या वाडीला जाणाऱ्या वाहिनीवर अंदाजपत्रकात २३ घरं धरली होती आणि प्रत्यक्षात ३४ नळ होते. अकरा जोडण्या मागाहून दिलेल्या, त्यातल्या सहा आधीच्या कारभारात, पाच नंतरच्या. प्रत्येक जोडणी कुणीतरी कुणाच्या तरी शब्दाखातर दिलेली. त्यामुळे कुणालाच ओरडायला तोंड उरलं नाही.

दुसरी गोष्ट गवंडीकाम करणाऱ्या एका मुलाने सुचवली. टाकी पुरेशी उंच आहे का? त्याच्याकडे पारदर्शक लेव्हल नळी होती, घर बांधताना पाया समपातळीत आणायला वापरतात ती. पाऊस थोडा उघडला तशी दोन मुलं, एक या पॅनेलच्या घरातलं आणि एक त्या, नळीची दोन टोकं धरून टाकीपासून वर निघाली. एक खाली उभा, एक पुढच्या बांधावर, नळीतलं पाणी स्थिर झालं की खडूची खूण, मग खालचा वर जाणार. चिखलात घसरत, पावणेदोन तास. शेवटच्या सहा घरांच्या तोटीपर्यंत पोचले तेव्हा हिशोब असा आला की टाकीचा तळ त्या तोट्यांपेक्षा जेमतेम चार फूट वर आहे. खालचे अकरा नळ उघडले की वर पाणी चढणारच नाही. मी दुकान बंद करून त्यांच्याबरोबर गेले होते. त्या मुलांतला एक तो ऑडिओवाला होता. काम संपल्यावर काकींनी दोघांना चहा दिला आणि त्याच्याकडे बघून काही म्हणाल्या नाहीत.

आता प्रश्न ठरवण्याचा आला आणि इथे माझं बऱ्याच जणांशी पटलं नाही. मुंबईकरांचं म्हणणं होतं की ग्रुपवर मतदान घेऊ, सोय आहे ना फोनमध्ये. मी नाही म्हटलं. ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त नंबर असे, ज्यांचं नाव गावच्या मतदार यादीत नाही. कायद्याने निर्णय ग्रामसभेचा आणि ग्रामसभा म्हणजे त्या यादीतली माणसं. वरच्या वाडीच्या पाण्याचा निकाल डोंबिवलीच्या बोटांनी लागायला नको. यावर एकजण फार दुखावले. "गणपतीला वर्गणी द्यायची तेवढे आम्ही गावचे काय?" असं त्यांनी लिहिलं. त्यांचा मेसेज मी काढला नाही, कारण त्यात तथ्य होतं. देऊळ, रस्ता, शाळेचं छप्पर, सगळ्यात चाकरमान्यांचा पैसा आहे. मी त्यांना फोन केला, आम्ही तासभर बोललो. तोडगा असा निघाला की चाकरमान्यांनी सूचना लिहून द्यायच्या, त्या ग्रामसभेत वाचून दाखवायच्या आणि काय ठरलं ते त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकायचं. ते पुरतं मानले असं नाही म्हणता येणार. पण राहिले.

आमच्याकडे साधारण साडेसातशे मतदार. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. आमच्याकडे शंभर कधी होत नसत. सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पुढच्या वेळी वीस-पंचवीस जण गावाचा कारभार ठरवून मोकळे व्हायचे. १५ ऑगस्टच्या सभेची नोटीस या वेळी आम्ही विषयपत्रिकेसकट ग्रुपवर टाकली. आदल्या दिवशी महिला सभा झाली. तिथे काकींनी तेच सगळं उभ्याने सांगितलं, ठराव लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी १३२ सह्या झाल्या. वर जाणाऱ्या वाहिनीला वेगळा व्हॉल्व्ह बसवायचा, सकाळी पहिली पाळी वरच्या वाडीची, ती संपली की खालची. खर्च बंधित निधीतून, म्हणजे वित्त आयोगाच्या त्या पाण्यासाठी बांधलेल्या पैशांतून. नवीन जोडणी यापुढे ग्रामसभेला विचारल्याशिवाय नाही. वाद झाला, दोनदा आवाज चढले, खालच्या वाडीतले दोघं सभा सोडून गेले. पण जे बोलले ते पाण्यावर बोलले.

त्या गणपतीत विरारचे भावजी आले. ज्याचं नाव घेऊन त्यांनी लिहिलं होतं, त्या घरी आरतीला ते गेले, मी तिथेच होते. प्रसाद घेताना त्यांनी "माझी चूक झाली" असं हळू म्हटलं. त्या माणसाने मान हलवली आणि आणखी एक मोदक ठेवला हातावर. ग्रुपवर मात्र त्यांनी ते कधी लिहिलं नाही. मला वाटतं लिहायला हवं होतं, आरोप सगळ्यांसमोर झाला होता. मी तसं त्यांना बोललेही.

सगळंच जमलं असं नाही. २०२४ मध्ये मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा, दोन्ही वेळी झेंडे ग्रुपमध्ये शिरले. एका मुलाने एका समाजाबद्दल घाणेरडं काही फॉरवर्ड केलं. फोन केला, ऐकलं नाही, पुन्हा टाकलं. पाचही जणांनी मिळून त्याला काढलं. आठ दिवसांनी परत घ्यायचं, हा आमचा रिवाज आहे, तसं मी त्याला जोडलं, तो स्वतःहून बाहेर पडला. त्याची आई माझ्याकडे दर महिन्याला यायची, आता तालुक्याला जाऊन झेरॉक्स काढते. रस्त्यात भेटली की मी थांबते, ती थांबत नाही. त्या मुलाला काढल्याबद्दल मला शंका नाही. आईसाठी मन खातं.

व्हॉल्व्ह दिवाळीनंतर बसला. पाणी सोडणारा गडी आता रोज सकाळी ग्रुप उघडला की लिहितो: 'वरची वाडी ६.१० ते ६.५०, खालची ७ पासून.' मागच्या एप्रिलात शेवटच्या सहा घरांना दोन हंडे आणि एक कळशी मिळत होती. पुरेसं नाही, टाकी उंच करायचा प्रस्ताव वर पाठवलाय.

सध्या विषय चिरेखाणीच्या ट्रकांचा आहे. शाळेसमोरचा रस्ता उखडलाय. खाणीत काम करणारी घरंही आपलीच आहेत आणि शाळेत जाणारी पोरंही आपलीच. काल संध्याकाळी दोन तासांत १२७ मेसेज आले. नऊ वाजता मी ग्रुप बंद केला. सकाळी सातला उघडायचाय, त्याआधी चार जणांना फोन करायचेत. त्यातला पहिला, ट्रक ज्याचे आहेत त्याला.